व्याही, मी आणि चौथा भाग

चौथ्या भागात तो परत आला. तिसऱ्या भागात तो मेला होता. आम्ही स्वतः पाहिलं होतं, मी आणि माझे व्याही, थिएटरात शेवटून तिसऱ्या रांगेत बसून. आता तो दुसऱ्या कुठल्या तरी विश्वातून चालत आला, केसही विस्कटलेले नव्हते, आणि त्याला कोणी काही विचारलं नाही. मला दर नोव्हेंबरात बँकेत जाऊन जिवंत असल्याचा दाखला द्यावा लागतो, तेव्हा कुठे पेन्शन चालू राहते.

मी सरकारी छापखान्यात मुद्रितशोधक होतो. जन्मभर दुसऱ्यांच्या चुका हुडकल्या. ती खोड सिनेमा बघतानाही जात नाही, म्हणून बायको माझ्याबरोबर येत नाही. ती म्हणते एसी सोसत नाही. मुलीच्या लग्नानंतर काही वर्षांनी, आम्ही दोघंही निवृत्त झाल्यावर, व्याह्यांनी विचारलं, "व्याही, पिक्चरला येता का?" आणि मंगळवारी सकाळचा शो हा आमचा रिवाज झाला. ते ओवे गावाहून स्कूटरवर पनवेलला येतात, मला मागे बसवतात आणि मॉलमध्ये नेतात.

व्याह्यांनी तीस वर्षं जासईच्या कंटेनर यार्डात काढली. आलेल्या कंटेनरचं सील तपासायचं, आकडे कागदाशी जुळवायचे. दिवसभर क्रेनचे भोंगे, कंटेनर उचलणाऱ्या रीचस्टॅकरची घरघर आणि लोखंडावर लोखंड. गावच्या जमिनी सरकारनं घेतल्या, पैसे आले, भाऊबंद बिल्डर झाले; हे मात्र निवृत्त होईपर्यंत डबा घेऊन यार्डात जात राहिले. मला ते फार आवडतात. पण आवडणं वेगळं आणि व्याही असणं वेगळं. मी मुलीचा बाप. लग्नाला बारा वर्षं झाली तरी मुलाच्या बापाची चूक मुलीच्या बापानं दाखवायची नसते. हे कुठे छापलेलं नाही, पण मी आजवर तपासलेल्या कुठल्याही नियमापेक्षा ते जास्त काटेकोर पाळलं जातं.

यंदा जूनपासून आमची नात पहिलीत जाणार होती. शाळा कळंबोलीला. तिला स्कूटरवरून सोडायचं आणि आणायचं काम व्याह्यांनी मागून घेतलं होतं. लहान गुलाबी हेल्मेट घरात येऊन पडलं होतं आणि ती ते घालूनच जेवत होती. सगळे खूश होते. मीही होतो.

सिनेमांबद्दल सांगायचं तर मी आता थकलोय. ऐतिहासिक पाहिला. त्यात माणूस नुसता दारातून आत आला तरी शंभर ढोल वाजतात. पाणी मागितलं तरी ललकारी. दोन भागांतला एक पाहिला. पहिला भाग तीन तास, आणि शेवटी कळलं की ही फक्त प्रस्तावना होती. भुताचा विनोदी सिनेमा पाहिला, त्याचाही तिसरा भाग. भूत बिचारं सगळ्यांत कमी बोलत होतं, म्हणून तेच लक्षात राहिलं. आणि सुपरहिरो. शहर पडतं, पुन्हा उभं राहतं, पुढच्या भागात पुन्हा पडतं. या लोकांना बांधकामाची परवानगी कोण देतं? जग वाचलं की थिएटरात टाळ्या पडतात. मला मात्र दरवेळी वाटतं, वाचवलं ते ठीक, पण आता हे पुढचा भाग काढणार.

व्याह्यांना सुपरहिरो मनापासून आवडतात. नावं संपून पडद्यावर शेवटचा दोन मिनिटांचा तुकडा येईपर्यंत ते उठत नाहीत, मलाही उठू देत नाहीत. चौथ्या भागाचा शेवट बंदरावर होता. खलनायक कंटेनर उचलून हिरोवर फेकत होता. व्याही माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "रिकामे हायेत." ते जरा मोठ्यानंच बोलतात, त्यामुळे पुढच्या दोन रांगांनाही कळलं. "भरलेला असा उडत नाय, व्याही. कोपऱ्यातनं फाटतो." एवढ्या वर्षांत सुपरहिरोंवर मी ऐकलेलं हे सगळ्यांत जबाबदार मत होतं.

त्यांची एकच अट असे. हिंदी डबिंग नको. इंग्रजीच पाहिजे, खाली इंग्रजी अक्षरांसकट. "मूळ आवाजात बघावा माणसानं," ते म्हणत. मला याचं कौतुक होतं. मी दोन-तीन जणांना सांगितलंही होतं, की ओव्याचा माणूस आहे, पण बघा.

मे महिन्यात मी घाट घातला मराठी सिनेमाचा. सगळ्यांनी नावाजलेला. पनवेलमध्ये त्याला एकच शो, सकाळी सव्वादहाचा, तोही तिकिटं खपली नाहीत तर रद्द. मराठी माणूस मराठी सिनेमाला जात नाही, यावर मी व्याह्यांना स्कूटरवर मागून छोटंसं भाषण दिलं. ते काही बोलले नाहीत. मला वाटलं, पटलं.

आम्ही धरून नऊ माणसं होती. सिनेमा चांगला असावा. दोन भाऊ, एक आजारी आई, एक घर. सगळे अर्धवट उजेडात हळू बोलत होते, बहुतेक वेळा कॅमेऱ्याकडे पाठ करून. दिग्दर्शकाला वीजबिलाची धास्ती असावी. खाली अक्षरं नव्हती. कशाला असतील, मराठीच तर होतं. व्याही पूर्ण वेळ ताठ बसून होते. मला दोन डुलक्या लागल्या, त्यांना एकही नाही.

बाहेर चहा घेताना मी विचारलं, "कसा वाटला?"

"चांगला होता," ते म्हणाले. "धाकट्यानं तसं करायला नको होतं."

"कसं?"

ते माझ्या तोंडाकडे बघत होते. "आईला तिकडं नेऊन ठेवली ती. दुसऱ्या बायकोच्या सांगण्यावरनं."

सिनेमात दुसरी बायको नव्हती. जिला ते धाकट्याची बायको समजले ती दोघांची बहीण होती, आणि आईला कोणीच कुठे नेलं नव्हतं. ती नवसाला म्हणून आपण होऊन गेली होती. दोन तास पडद्यावर हाच वाद चालू होता. व्याह्यांनी चेहरे बघून, हातवारे बघून एक कथा रचली होती. ती सुसंगत होती. त्या सिनेमात मात्र ती नव्हती.

मी कपामागे तोंड झाकून म्हणालो, "व्याही, अजून एक चहा?" ते समोरच्या फलकाकडे बघत होते. मी परत म्हणालो, जरा मोठ्यानं. ते हसून म्हणाले, "हो ना, फार ऊन हाय."

परतताना मी मागे बसून फक्त हॉर्न मोजत होतो. पुलाजवळ एका डंपरनं मागून तीनदा हॉर्न दिला. व्याही आरशात बघतात, चांगलं बघतात; आरशात डंपर आला तेव्हा सावकाश बाजूला झाले. आरशात यायच्या आधी तो त्यांच्यासाठी नव्हताच. नातीच्या शाळेच्या वाटेवर, कळंबोलीच्या चौकात, पोलादाचे ट्रेलर चारी बाजूंनी येतात, आणि सगळे काही आरशात मावत नाहीत.

दोन आठवडे मी काहीच केलं नाही. आणखी एक सुपरहिरो पाहिला, याचा दुसरा भाग. त्यातलं मला काहीही आठवत नाही. मी पडद्याऐवजी व्याह्यांकडे बघत होतो. ते खालची ओळ वाचत होते, झपाझप, यार्डातले आकडे वाचावेत तशी. हसायच्या जागी सगळ्यांच्या आधी हसत होते.

शाळा सुरू व्हायच्या आधीच्या रविवारी ओव्याला जेवण होतं. कोळंबीचं कालवण आणि तांदळाच्या भाकऱ्या. व्याही टेबलाच्या त्या टोकाला नातीला कोळंबी सोलून देत होते. मी या टोकाला, मुलीशेजारी. मी म्हणालो, "मला वाटतं शाळेला स्कूटर नको. व्हॅन लावा."

"का?" मुलगी म्हणाली.

"चौकात ट्रेलर फार असतात."

"बाबा, ते तीस वर्षं याच रस्त्यावरून जासईला गेलेत."

जावई भाकरी मोडता मोडता थांबला. "म्हणजे आमच्या बाबांच्या हातात पोर द्यायला तुम्हाला भरवसा नाही?"

"तसं नाही."

"मग कसं?"

माझ्या बायकोनं टेबलाखालून पाय मारला. विहीणबाई कालवणाची वाटी खाली ठेवत म्हणाल्या, "बारा वर्सात आमी तुमच्या पोरीला कधी काय कमी केलं का, व्याही? सांगा ना. आता नातीवरनं बोलायला लागलात?"

"विहीणबाई, मी त्यांच्या चालवण्याबद्दल..."

"चालवण्याबद्दलच बोललात तुमी."

खरं कारण जिभेवर होतं, पण ते त्यांच्या घरात, त्यांच्या ताटावर बसून, त्यांच्या सुनेसमोर सांगायची माझी हिंमत नव्हती. व्याही त्या टोकाला शांतपणे कोळंबी सोलत होते. मग नात थांबली, तिच्याकडे बघून तेही थांबले. त्यांनी मान वर केली. एकेक चेहरा पाहिला: बायकोचा, मुलाचा, सुनेचा. माझ्यावर येऊन थांबले. मला ती नजर ओळखीची होती. ते कथा जुळवत होते.

जुळवली असती तर फार तर मी भांडखोर ठरलो असतो, आणि जूनमध्ये स्कूटर निघाली असती.

त्यांनी हात पुसला. "काय?" त्यांनी मला विचारलं. एवढ्या वर्षांत हा शब्द त्यांच्या तोंडून मी ऐकला नव्हता. "पुन्हा सांगा. मला ऐकू नाय आलं."

"ऐकू येतच नाय हल्ली," ते म्हणाले. "दोन वर्सं झाली."

"मी ओरडते तेव्हा म्हणतात, तुझाच आवाज बारीक झालाय," विहीणबाई म्हणाल्या आणि पदरानं तोंड पुसायला लागल्या. विहीणबाईंचा आवाज बारीक आहे असं अख्ख्या ओव्यात कोणी म्हणणार नाही.

मी उठून त्यांच्याजवळ गेलो आणि मोठ्यानं सांगितलं, व्हॅन लावा म्हणतोय. त्यांनी नातीच्या हेल्मेटकडे एकदा पाहिलं आणि म्हणाले, "लावा."

आता व्हॅन येते. व्याही कानात यंत्र घालतात, बहुतेक वेळा मुलगा घरी असला तरच. माझी मुलगी माझ्याशी आठवडाभर नीट बोलली नाही. तिचं म्हणणं, हे मी आधी तिला एकटीला सांगायला हवं होतं. ती तिच्या जागी बरोबर आहे. पण तिनं जाऊन सासऱ्यांना सांगितलं असतं, आणि सून आपल्याला बहिरा म्हणते हे कळल्यावर त्यांनी ती स्कूटर सोडली नसती. मी त्यांना ओळखतो. त्यांनी ते स्वतःच सांगायला हवं होतं, आणि सांगितलं. मी फक्त जेवण बिघडवलं.