डाव्या पंखाचे चार स्क्रू

ईशान्येकडील एका डोंगराळ तळावर माझी बदली झाली, तेव्हा मी ज्युनिअर वॉरंट ऑफिसर होतो. छोट्या वाहतूक विमानांच्या उपकरणांची जबाबदारी माझ्याकडे होती. माझ्या हाताखाली कागलजवळच्या गावचा सार्जंट सुगत कांबळे होता. आमच्या माजी सैनिकांच्या व्हॉट्सॲप गटावर गेल्या महिन्यात त्याच्याविषयी दोन गोष्टी लिहिल्या गेल्या. एकाने लिहिले, विमानाचा दोष पायलटने शोधला. दुसऱ्याने लिहिले, कांबळेनेच चुकीचे स्क्रू लावले आणि मग स्वतःच काढले. दोन्ही विधाने खोटी आहेत. लिहिणाऱ्यांपैकी एक त्या दिवशी रजेवर होता आणि दुसरा तळावर आलेलाही नव्हता. मी तिथे होतो.

तळाची नुकतीच वार्षिक तपासणी झाली होती. तपासणीपूर्वीचे चार दिवस सैन्यात काय चालते, ते नागरिकांना सांगून पटत नाही. झाडांच्या बुंध्यांना चुना लागतो, अग्निशमनाच्या बादल्या एका रेषेत येतात, जे चकाकत नाही ते चकाकवले जाते. तपासणी उत्तम पार पडली.

दुसऱ्या दिवशी दुपारी १४१० वाजता स्क्वाड्रन लीडर भुल्लर उड्डाणावरून परतले आणि थेट माझ्याकडे आले.

"वॉरंट साब, ऑटोपायलटवर चाळीस अंशांचे हेडिंग लावले. दिशा दाखवणारे यंत्रही चाळीस दाखवते. पण दरी डावीकडे पळते आहे. साधा कंपास बावन्न म्हणतो."

येत्या पहाटे त्याच विमानाने ढगांतून दरी पार करून पुढच्या चौकीवरचा जखमी जवान आणायचा होता. दुसरे विमान दुरुस्तीसाठी उघडलेले होते.

मी ऑटोपायलटचा काँप्युटर बदलायला सांगितला. बदलला. १५२० च्या चाचणीत तोच दोष. मी म्हणालो, पुन्हा बदला.

सुगत हलला नाही. "सर, परत बदलून काय व्हनार न्हाय."

"मला शिकवतोस?"

"शिकवत न्हाय, इचारतोय. यंत्र चाळीस म्हनतंय आनी इमान चाळीसच धरतंय. मग ऑटोपायलट हुकूम पाळतोय की! हुकूम देनाराच चुकतोय."

हँगरमध्ये कोणीतरी हसले. मला राग आला, पण त्याचे म्हणणे बिनतोड होते. या विमानाच्या डाव्या पंखाच्या टोकात एक छोटा संवेदक असतो. तो पृथ्वीचे चुंबकत्व ओळखून हेडिंगच्या यंत्राला दिशा कळवतो. सुगतने सुचवले, हा संवेदक यंत्रापासून तात्पुरता वेगळा करा, यंत्र साध्या कंपासशी जुळवा आणि विमान केवळ गायरोवर, म्हणजे यंत्रातल्या फिरत्या चक्राच्या भरवशावर, उडवा. तो स्वतः मागच्या आसनावर बसला. १६१५ ला रेडिओवर भुल्लरसाहेबांचा आवाज आला.

"फ्री गायरो. हेडिंग शून्य चार शून्य. स्थिर."

"कंपास?" मी विचारले.

"तोही शून्य चार शून्य. ओव्हर."

ऑटोपायलट निर्दोष ठरला. विमान उतरताच सुगतने हातातला कंपास घेतला आणि तुलनेसाठी आधी उजव्या पंखाच्या टोकाखालून हळूहळू फिरवला. सुई शांत होती. मग तो डाव्या पंखाखाली आला. संवेदकावरच्या झाकणाच्या पहिल्या स्क्रूपाशी सुई थरथरली, दुसऱ्यापाशी वळली.

तिथे चार नवे चकचकीत पोलादी स्क्रू होते. मूळचे पितळी होते, कारण पितळ कंपासला छळत नाही. पितळी काळवंडले होते म्हणून तपासणीआधी ते बदलण्याचा हुकूम दिला गेला होता. तो हुकूम माझा होता. सुगत त्या आठवड्यात दुसऱ्या विमानावर होता. त्याने त्या स्क्रूंना हातही लावला नव्हता.

त्याने सुईकडे पाहिले, मग माझ्याकडे. आजूबाजूला पाच-सहा जण होते. तो एवढेच म्हणाला, "पितळी चार हायत डब्यात. लावतो."

त्याने लावले. विमान जमिनीवर एकेका दिशेला वळवून आम्ही कंपास तपासला. नोंदवहीत मी लिहायला लावले : स्क्रू बदलले. का बदलले, पोलादी कोणाच्या हुकमाने लागले होते, ते लिहू दिले नाही. माझी बढती जवळ होती. खाली सही सुगतची. पुढे ती वही ज्याने वाचली, त्याने दोष सुगतच्या नावावर मांडला.

पहाटे ०५४० ला विमान गेले. ०७०५ ला जखमी जवान जिवंत उतरला. अशी अचूक बुद्धी आणि असे मिटलेले तोंड मी एकाच माणसात पुन्हा पाहिले नाही.

पुढच्या पावसाळ्यात तळामागची दरड स्टोअरवर कोसळली. सुगतने दोन एअरमनना बाहेर ढकलले आणि तिसऱ्यासाठी तो आत गेला. तिसरा आणि तो, दोघांचेही देह सापडले ते दुसऱ्या दिवशी.

परवा मी कळंब्याच्या माझ्या घरून त्याच्या गावी गेलो आणि वर लिहिलेले सारे त्याच्या आईला वाचून दाखवले. मावशी ओट्यावर बसून ऐकत होत्या. गटावरचे त्यांच्या नातवाने त्यांना आधीच सांगितले होते.

"म्हंजे माझ्या पोराची चूक न्हवती?"

"नव्हती. माझी होती."

"मला ठावं हुतं. पर साहेब, तुमी तवाच का वो न्हाय सांगितलंसा?"

मी मावशींसमोरच त्या कागदाखाली माझी सही केली. घरी येऊन मी हा मजकूर स्वतःच्या सहीनिशी गटावर टाकत आहे. ज्यांना वाद घालायचा आहे त्यांनी माझ्याशी घालावा. सार्जंट सुगत कांबळे यांच्या कामात चूक नव्हती.