हातभर पुढे ओढलेली खुर्ची

आमच्या कॉलेजच्या पदार्थविज्ञानाच्या लॅबमध्ये एकतीस वर्षं ज्यांनी तारा ताणल्या, त्यांना सगळे तारकाका म्हणत. हुद्दा लॅब असिस्टंटचा. पण नवा प्राध्यापक आला की प्रयोग आधी त्यांच्याकडून शिकायचा आणि मग वर्गात आपणच शहाणे असल्याचा आव आणायचा. मीही तेच केलं. मी तोंडाची फटकळ आणि त्यांना डाव्या कानाने लहानपणापासून ऐकू येत नसे, म्हणून आमचं बरं जमलं.

स्थिर लहरी तर त्यांनीच शिकवाव्यात. दोन्ही टोकांना आवळलेली तार छेडायचे आणि सांगायचे, "लहर जाते, टोकाला आपटते, परत येते. जाणारी आणि येणारी एकाच तारेवर भेटतात, त्यांची बेरीज होते. दोघी एकाच बाजूला ओढतात तिथे तार थयथयाट करते. एक वर ओढते नि दुसरी खाली, तिथे शून्य. ती जागा हलतच नाही." मग तारेवर कागदाच्या घड्या ठेवायचे. बाकीच्या टुणकन उडायच्या, एखादी ढिम्म बसून राहायची, पोरं हसायची. खोलीतल्या आवाजाचंही असंच होतं, फक्त भिंतीशी तो कानाला सर्वांत मोठा लागतो आणि जरा पुढे आलं की मरतो, हे ते तासाच्या शेवटी सांगायचे. तोवर निम्मी पोरं दप्तरं आवरत असायची.

ते निवृत्त झाले आणि दोनच वर्षांत काकूंनी अंथरूण धरलं. अर्धं अंग गेलं, वाचा गेली. बाजारातल्या बेलच्या किणकिणाटाने त्या दचकत. मग काकांनी स्वतःच यंत्र केलं. काकूंच्या तळहाताखाली पसरट बटण, तिथून वायर बाहेरच्या खोलीत, भिंतीवर स्पीकर. त्यातून एकच जाड, स्वच्छ, अखंड सूर निघे. काकांनी आपली खुर्ची समोरच्या भिंतीला मुद्दाम चिकटवून ठेवली होती. तिथे बसून ते दुपारभर लोकांची बंद घड्याळं दुरुस्त करत. वर्षभर काकूंची एकही हाक चुकली नाही.

एका दुपारी ते चहा टाकायला उठले, दोन पावलं चालले आणि सूर कानावर आला. धावत आत गेले. काकूंचा हात बटणावर पडला होता आणि गार होता. डॉक्टर म्हणाले, श्वास कोंडला, जाऊन तास तरी झाला असेल.

त्यांची एकुलती लेक दर रविवारी यायची. ती आली, बटण बघितलं, आणि म्हणाली, "तासभर आई बोलावत होती आणि तुम्ही झोपला होतात, बाबा."

"मी जागा होतो गं. आवाजच नव्हता."

"मग तुम्ही उठल्याबरोबर कसा आला?"

लेकीने त्या घरी येणं सोडलं. महिनाभर काका येईल त्याला सांगत होते, मी जागा होतो. लोक मान डोलवत आणि बाहेर पडल्यावर भुवया उडवत. मला लोकांचा संताप आला, लेकीचा त्याहून जास्त. एके दिवशी मी तडक त्यांच्याकडे गेले. म्हटलं, "चला, यंत्र तपासू."

"राहू द्या मॅडम. डोळाच लागला असेल."

हे ते पहिल्यांदाच म्हणाले. पण मी कसली ऐकते? आत जाऊन बटणावर जाडजूड पुस्तक ठेवलं. बाहेरची खोली सुराने भरून गेली. खुर्चीत बसले, डावा कान बोटाने बंद केला, आणि सूर जवळजवळ नाहीसाच झाला. मान मागे भिंतीकडे नेली, तो आला. पुढे वाकले, पुन्हा आला. स्पीकरकडून येणारी लहर आणि मागच्या भिंतीवरून परतणारी लहर काकांच्या एकुलत्या चांगल्या कानापाशी एकमेकींना पुसून टाकत होत्या. साध्या बेलमध्ये दहा सूर असतात, एक मेला तरी बाकीचे ऐकू येतात. इथे एकच होता.

"काका, तुम्ही जागे होतात," मी म्हटलं. "पण खुर्ची तर भिंतीला होती. ही हातभर पुढे कुणी ओढली?"

"पोरीने. आदल्या रविवारी. भिंतीला ओल आलीय, माझी पाठ धरायची. म्हणाली, बाबा, जरा पुढे बसत जा. माझ्या पाठीची कुणी काळजी केली, त्या आनंदात खुर्ची भिंतीला का ठेवली होती, ते मीही विसरलो."

"तुम्हाला हे कधी कळलं?"

"परवा. मॅडम, आता मी सगळ्यांना डोळा लागला होता असंच सांगणार. तुम्हीही तेच सांगा."

मी खूप वाद घातला. यंत्र तुमचं, सूर तुम्ही निवडलात, खुर्ची नुसतं निमित्त, हेही म्हणून पाहिलं.

"मग चूक माझीच ना?" काका म्हणाले. "मग झोपलो म्हणायला काय बिघडलं? माझ्यावर रागावून ती जगेल. स्वतःवर रागावली तर नाही जगायची."

पंधरा दिवसांनी लेक मला कॉलेजच्या दारात भेटली. खूप वाळली होती. "बाबांनी कबूल केलं," ती म्हणाली. "पण ते खोटं बोलणारे नाहीत आणि महिनाभर वेगळंच सांगत होते. तुम्ही यंत्र तपासलंत ना? ते खरंच झोपले होते का?"

तिला "नाही, जागे होते" असं ऐकायचं होतं, हे तिच्या डोळ्यांत स्पष्ट दिसत होतं. तिला बाप परत हवा होता. मला रडू येत होतं आणि तिच्यासमोर रडायची सोय नव्हती.

"यंत्र चांगलं होतं," मी म्हटलं. "ते झोपले होते."

तिने मान हलवली, पदराने चेहरा पुसला आणि बापाच्या घराकडे जाणारा रस्ता सोडून दुसऱ्या रस्त्याने गेली.