आक्काबाईची गाणी नि जुना कॉम्प्युटर

महेंद्रइतका सावकाश माणूस अख्ख्या नेवाशात दुसरा नसेल. माझं वह्या-पेनांचं दुकान आणि त्याचं टायपिंगचं, मध्ये फक्त पत्रा. त्यामुळे त्याचं बोलणं, खोकणं, की-बोर्डची टकटक, सगळं मला फुकटात ऐकू यायचं. गिऱ्हाईक ताटकळत उभं आणि हा एखाद्या अर्जातला काना तपासत बसलेला. "अरे, तहसीलदार काय काने मोजत बसणारेत का?" असं मी कितीदा ओरडलो असेन. तो नुसता हसायचा. माझं डोकंच फिरायचं.

आधी तो कचेरीसमोर टाइपरायटर घेऊन बसे. सत्त्याण्णव साली नगरच्या एका बंद पडलेल्या छापखान्यातला कॉम्प्युटर त्यानं उचलला. आत विंडोज पंच्याण्णव, छापखानावाल्यानं कुठूनसं टाकून घेतलेलं मराठीचं सॉफ्टवेअर, आणि सोबत एक खडखडणारा प्रिंटर. पडद्याचा एक कोपरा कायम हिरवट दिसायचा. तरी महेंद्र रोज सकाळी त्यावर फडकं मारायचा आणि दुकान बंद करताना टॉवेल पांघरायचा.

दुकानामागंच घर. घरात तो आणि त्याची आई आक्काबाई, दोघंच. आक्काबाईला अक्षरओळख नव्हती, पण जयंती असो की कुणाचं बारसं, ती उभ्या उभ्या गाणं जुळवायची. छप्पन्न सालच्या दीक्षेवरचं तिचं गाणं तर बायका मुद्दाम म्हणायला लावत:

पांढऱ्या लुगड्याची घडी मोडिते गं बाई,
आता कुनाच्या दारात वाकायाची न्हाई.

पुढच्या हिवाळ्यात महेंद्रनं तिला शेजारच्या खुर्चीत बसवून ती सगळी गाणी टाइप करायला घेतली. ती म्हणायची, "आरं, त्यात एक कडवं राह्यलं." तो म्हणायचा, "सांग, आय. समदी झाली की एकदमच कागदावर काढू." झालीत तेवढी तरी काढून ठेव की बाबा, असं मी पत्र्याआडून म्हणून पाहिलं. पण आक्काबाई झालेल्या गाण्यातही कडवं वाढवायची, आणि अपुरं गाणं कागदावर काढायचं नाही, हा त्याचा हट्ट.

पावसाळ्यात आक्काबाईला अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. एवढी गाणारी बाई नुसती छताकडे बघत पडून राहायची. मला तिकडे जाववत नसे. महेंद्रनं तिला सांगून टाकलं, "दसऱ्याला, दीक्षेच्या दिवशी, तुझी गानी तुला देतो." आणि नेमका तेव्हाच कॉम्प्युटर रुसला. सुरू करावा तर निळा पडदा दाखवायचा आणि मठ्ठासारखा बसून राहायचा.

मग नगरहून शामकांतला बोलावलं. तो बँकांचे कॉम्प्युटर बघायचा. माणूस बोलायला गोड. त्यानं मशीन उघडून झाडलं आणि म्हणाला, "फॉरमॅट मारावा लागेल, महेंद्रराव. सगळं पुसून विंडोज नव्यानं टाकतो. तुमचं काय काय फ्लॉपीवर काढून ठेवू?"

"आयची गानी. बाकी काय न्हाई."

"नक्की? एकदा पुसलं की माझ्या हातात काही नाही."

"गानी घेतली म्हंजी झालं."

महेंद्रची उमर टाइपरायटरवर गेली होती. तिथं ठोकलेलं अक्षर कागदावर बसलं की बसलं. मशीन भंगारात गेलं तरी अर्ज आपला तसाच. फ्लॉपीवर गाणी गेली म्हणजे अक्षरंही गेली, असंच त्यानं धरलं. पण अक्षरांची वळणं त्या मराठी सॉफ्टवेअरमध्ये होती, आणि तेही पुसलं जाणार होतं. शामकांतच्याही हे डोक्यात आलं नाही. त्याचं सगळं काम इंग्रजीतलं.

दिवसभर मशीन गुरगुरत होतं. संध्याकाळी नवी विंडोज लख्ख उघडली, तेव्हा महेंद्रनं मला पेढा दिला. मग शामकांतनं फ्लॉपी घालून पहिलं गाणं उघडलं. पडद्यावर नुसते रिकामे चौकोन, एकापुढे एक, मधूनच एखादं इंग्रजी अक्षर. दुसरं गाणं तसंच. तिसरंही तसंच.

शामकांत बिचारा धावला. छापखान्याचा मालक वारला होता, आणि सॉफ्टवेअरच्या फ्लॉप्या पोरांनी रद्दीबरोबर घालवल्या होत्या. दुसरी मराठी सॉफ्टवेअरं त्यानं टाकून पाहिली, पण प्रत्येकात वेगळाच कचरा दिसायचा. महेंद्रला गाणी पाठ नव्हती, आणि बायकांनाही इकडची-तिकडची ओळच आठवायची. मशीनमध्ये आहेत म्हटल्यावर पाठ कोण करतो? मला त्या लुगड्याच्या दोनच ओळी येतात, पुढच्या येत नाहीत. याचा मला अजून संताप येतो. कुणाचा, ते सांगता येत नाही.

दसऱ्याच्या सकाळी मी महेंद्रकडे बसलो होतो. आक्काबाई आता जरा उभी राहू लागली होती; भिंतीला धरून, पाय ओढत ती आतून आली आणि खुर्चीत बसली. डाव्या हाताचं बोट तिनं पडद्याकडे केलं. महेंद्रनं माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. त्यानं गाणी उघडली.

"व्हय, आय," तो म्हणाला, "तुझीच हायेत."

ओळी होत्या तेवढ्याच होत्या. दोन कडव्यांमधली मोकळी जागाही तशीच होती. वाचता न येणाऱ्या बाईला त्यात काय कमी दिसणार? तिचं अर्धं तोंड हसलं. महेंद्र एकेक पान खाली सरकवत राहिला. शेवटचं पान आलं तेव्हा तिनं पुन्हा बोट हलवलं, पहिल्यापासून दाखव म्हणून.