पाटीवर वडसा होतं

मी कोरपन्याकडचा, शाळेत मास्तर. गोंदियाच्या गाडीत त्या दिवशी पहिल्यांदाच बसलो होतो. सिंदेवाहीला एक म्हातारी बाई चढली आणि समोर बसली. एरवी ती माहेरी एसटीनेच जायची. पण सकाळी निरोप आला तेव्हा रेल्वेच आधी मिळत होती.

"भावाची माती आहे," ती म्हणाली. "देसाईगंज आलं का सांगजा, भाऊ. मले वाचता येत नाई."

"सांगतो बाई, निवांत बसा."

वैनगंगेचा पूल गेला तशी ती पिशवी घेऊन उभी राहिली. गाडी थांबली. मी खिडकीतून पाटी वाचली.

"बसा बाई, हे वडसा आहे. देसाईगंज पुढे असेल."

"पण नदी तं गेली ना, भाऊ."

"पाटीवर लिहिलंय ना," मी वर्गात बोलतो तशा चढ्या आवाजात म्हणालो. मोबाइल खिशात होता. त्यात पाहावं असं वाटलंही नाही. ती बसली.

गाडी सुटल्यावर पलीकडचा माणूस म्हणाला, "देसाईगंजच्या स्टेशनाचंच नाव वडसा आहे. बाईले काऊन बसवून ठेवलं?"

पुढच्या स्टेशनावर मी तिच्यासोबत उतरलो. परतीच्या गाडीला वेळ होता. ऑटो मिळेपर्यंत ऊन चढलं. वाटेत मी दोनदा माफी मागितली. ती रस्त्याकडे पाहत होती. "किती वेळ थांबतीन ते," एवढंच म्हणाली.

पोचलो तेव्हा घाटावरून परतलेली माणसं दारात पाय धूत होती. ती अंगणातच खाली बसली.

"आत्या, लय वाट पाह्यली तुही," भाचा म्हणाला.

"गाडीच उशिरा आली, बापा." मग माझ्याकडे हात करून म्हणाली, "हे भाऊ घरापर्यंत सोडाले आले."

भाच्याने मला हात जोडले. शेजारच्या घरून चहा आला, पहिला कप मला दिला. गाडी वेळेवर होती, हे तेव्हाच सांगायला हवं होतं. मी खाली मान घालून चहा प्यायलो.

शेजाऱ्याने मोटरसायकलवर स्टेशनला सोडलं. रस्ताभर सांगू सांगू करत होतो, तेही जमलं नाही.

घरी बायकोने उशिराचं कारण विचारलं. म्हणालो, एका म्हातारीला घरी पोचवून दिलं. तिने ते शेजारणीलाही कौतुकाने सांगितलं. मी आतल्या खोलीत बसून ऐकत होतो.