धोंडीरामांनी एकदाच पाय पुढे केला

कुसाबाईंच्या हाताखालून आमच्या नाशिक रोडच्या कॉलनीतली निम्मी पोरं गेली. माझी सायलीसुद्धा. बाळाला पायांवर घेऊन तेल जिरवायला बसल्या की कार्टं रडता रडता झोपून जायचं. बाळंतिणी, म्हाताऱ्या, सगळ्यांची अंगं त्यांनी चोळली, फक्त नवऱ्याचं नाही. धोंडीराम बंगल्यांच्या बागा बघायचे, संध्याकाळी कंबर धरून यायचे, पण हात लावू द्यायचे नाहीत. दिवसभर लोकांना रगडतेस, घरी तरी हातांना सुट्टी दे, म्हणायचे. कुसाबाईंना त्याचं कौतुकही होतं आणि रागही. सगळ्या गावाला माझा हात लागतो, ह्यांनाच तेवढा नाय, असं मला कितीदा तरी बोलून दाखवलं.

यंदा पोळ्याच्या सुमारास धोंडीराम मोरीत घसरले आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन छान झालं. घरी सोडताना डॉक्टरांनी कुसाबाईंना आणि मुलाला, योगेशला, बजावलं की पडून राहिलं तर पायात रक्त गोठतं आणि जीवावर बेततं. म्हणून महिनाभर रोज पोटात इंजेक्शन, वॉकर धरून चालायचं, आणि पाय सुजला तर तडक घेऊन यायचं. चोळू नका, एवढं मात्र कुणी म्हणालं नाही.

इंजेक्शनांनी पोटावर काळेनिळे डाग पडले. धोंडीराम वैतागले, कुसाबाईंचा जीव तुटला, आणि सुई द्यायला येणाऱ्या कंपाउंडरला त्यांनी दारातूनच परत पाठवलं. चालणंही बंद. हाड जुळेपर्यंत हलवू नये, हे आपलं पिढीजात शहाणपण! मी भांडले, म्हटलं, डॉक्टर काय खुळा आहे का? पण माझं ऐकतंय कोण.

थोड्याच दिवसांत पोटरी सुजली, टणक झाली, ठणकायला लागली. योगेश रिक्षा आणायला निघाला. तेवढ्यात धोंडीरामांनी उभ्या जन्मात पहिल्यांदा बायकोकडे पाय पुढे केला.

"तवर चोळ जरा. लोक एवढं काय म्हनतात ते बघू तरी."

कुसाबाई हरखल्या. थिजलेलं तूप ऊब लागली की पातळ होतं, तसं रक्तही होईल, असा त्यांचा साधा हिशेब. तिळाचं तेल गरम केलं आणि जन्माची कला त्या पोटरीवर लावली. धोंडीरामांनी डोळे मिटून घेतले. मग लघवीला जायचं म्हणून उठले, छाती धरली, श्वासासाठी तडफडले. रिक्षा दाराशी आली तेव्हा सगळं संपलं होतं.

डॉक्टरांनी नंतर विचारून घेतलं आणि सांगितलं की पायात गोठलेलं रक्त सुटून फुप्फुसात अडकलं असणार, सुजलेला पाय कधी चोळायचा नसतो. हे कुसाबाईंच्या समोरच. लोक म्हणतात, वेळ भरली होती. कसली वेळ डोंबलाची! मला नुसती चीड येते, आणि ती कुणावर काढावी तेच कळत नाही.

परवा सायली बाळंत झाली, म्हणून मी कुसाबाईंना बोलवायला गेले. त्यांनी दोन्ही हात पदराखाली घेतले. म्हटलं, बाई, इंजेक्शनं थांबली तिथंच चुकलं, कदाचित न चोळताही ते गेले असते.

"उठायच्या आधी ते काय म्हनले ठाव हाय का, सायलीची आई? म्हनले, कुसे, लय बरं वाटलं. उगंच इतकी वर्सं तुला नाय म्हनलो."

बाळाला दुसरी बाई लावली.