शंभर ग्रॅमचे वॉशर

आमच्या गच्चीवर वजन हळूहळू वाढतं आणि किस्से धडाधड. वर्षभरात शीतलच्या डंबेलवर जेमतेम अडीच किलो चढले. किस्से मात्र इतके साठलेत की चहाला दोन माणसं बसली की एखादा सांडतोच. म्हटलं, लिहूनच टाकू.

गच्ची बेसा वस्तीतल्या प्रज्वलच्या घराची. प्रज्वल कळमेश्वरच्या कारखान्यात लेथ चालवतो. शीतल त्याची धाकटी बहीण, पोलीस भरतीची तयारी करणारी. मी इंजिनिअरिंग तिसऱ्या वर्षाला सोडलेला, म्हणजे मोहल्ल्याच्या भाषेत रिकामा. आणि त्या दोघांचे वडील, रिटायर्ड पीटी मास्तर. त्यांना सगळे 'सर' म्हणतात, घरातही.

शीतल दोनदा गोळाफेकीच्या मार्कांवर अडकली होती. तिसरी भरती शेवटची, असं सरांनी जाहीर करून टाकलं. तिच्या काकाने वर्ध्याचं एक स्थळ पाहून ठेवलं होतं. भरती झाली तर ठीक, नाहीतर लग्न. शीतलला कोणी विचारलं नाही. आमच्याकडे मोठी माणसं विचारत नसतात, कळवत असतात.

अडचण साधी होती. आमची सर्वात छोटी प्लेट सव्वा किलोची. रॉडच्या दोन्ही टोकांना एकेक लावली की वजन एकदम अडीच किलोने वाढतं. साडेसात किलो शीतल दहा वेळा डोक्यावर न्यायची. दहा किलोचं डंबेल कपाळापर्यंत येऊन थांबायचं. सरांचं निदान तयार होतं, "पोरीच्या खांद्यात तेवढंच असते."

आयुष्यभर पीटी शिकवून माणसाला एवढंच कळलं होतं. अहो, मधल्या पायऱ्याच नसल्या तर जिना कोण चढेल? मी म्हटलं, पायऱ्या आपण बनवू. शंभर-शंभर ग्रॅमच्या.

*

छोट्या प्लेटा ऑनलाइन मिळतात, पण त्या आमच्या खिशाच्या नव्हत्या. म्हणून मी हार्डवेअरच्या दुकानात गेलो आणि आमचा रॉड ज्यातून जाईल असे जाडजूड वॉशर मागितले. मालकाने विचारलं, कोणत्या मशीनला लावायचे? डंबेलला, म्हटल्यावर त्याने वॉशर हातातच धरून ठेवले आणि भाषण सुरू केलं. लोखंडाने अंग आखडतं, पोरांनी उठाबशा काढाव्या, दूध प्यावं, वगैरे. मालकाचं पोट काउंटरवर निवांत टेकलेलं होतं.

"काका, तुम्ही रोजच्या किती काढता?" मी विचारलं.

त्यांनी गुपचूप वॉशर मोजायला घेतले.

*

आता त्या वॉशरचं वजन करायचं होतं. डाव्या डंबेलची पुडी किराणावाल्याच्या काट्यावर मोजली. उजव्याची घेऊन गेलो तर त्याने हाकलून लावलं, म्हणून ती भंगारवाल्याकडे मोजली. दोन्ही पुड्या काट्यावर सारख्याच भरल्या.

आठवडाभर शीतल म्हणत होती की उजवं डंबेल जड लागून राहिलं. सर खुर्चीतून न उठता म्हणाले, वजन सारखंच आहे, तुझाच हात कच्चा आहे. शेवटी प्रज्वलने दोन्ही पुड्या कारखान्यात नेऊन मोजल्या. उजवी दीडशे ग्रॅमनं जास्त! किराणावाला विकतो, म्हणून त्याचा काटा वजन जास्त दाखवतो. भंगारवाला विकत घेतो, म्हणून त्याचा कमी दाखवतो. दोघांच्याही काट्यावर हळदीकुंकू वाहिलेलं, ते मात्र सारखंच होतं.

प्रज्वल उजव्यातले वॉशर काढायला लागला, तर शीतलने त्याचा हात धरला.

"काढू नको. डाव्यात टाक."

*

मध्येच वॉशर संपले, तेव्हा मी सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे कापले, शेजारच्या बांधकामावरची रेती भरली, टोकं तारेनं बांधली आणि ते कड्यासारखे तिच्या मनगटाला बांधले. फुकटातलं काम, आणि वजन पाहिजे तेवढं. आमच्या कॉलेजात चार सेमिस्टरमध्ये एवढी कामाची गोष्ट कोणी शिकवली नव्हती.

सातव्या खेपेला, हात बरोबर डोक्यावर असताना, तार सुटली. रेती सरळ डोळ्यांत. मी पाणी आणायला धावलो. परत आलो तर बाई डोळे मिटून, रेती थुंकत मोजून राहिली होती, "नऊ... दहा."

मग म्हणाली, "आता दे पाणी."

*

माझे बाबा एकदा मला शोधत गच्चीवर आले. मी वॉशर ओवत होतो. वॉशर हलू नयेत म्हणून त्यांच्या मागे ट्यूबचीच रबरी रिंग बसवायची, नाहीतर प्रत्येक खेपेला बैलगाडीसारखा आवाज येतो. बाबांनी ते सगळं पाहिलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "तीन वर्षं कॉलेजात धाडलं, आन् पोरगा माळा ओवून राहिला."

मी काहीतरी वाईट बोलणारच होतो. शीतल खांद्यावरचं डंबेल न उतरवता म्हणाली, "काकाजी, कॉलेजात हे शिकवलं असतं तर तो कायले सोडते?"

बाबा जिना उतरून गेले. घरी मात्र तो विषय महिनाभर पुरला.

*

दसऱ्याला काकूंनी, म्हणजे शीतलच्या आईने, घरातल्या विळी-कात्रीबरोबर डंबेलचीही पूजा केली. हळद, कुंकू, फूल, सगळं. आणि सांगितलं की आज त्यांना हात लावायचा नाही. नेमके त्या दिवशी शंभर ग्रॅम वाढवायचे होते. सर खालून ओरडले, एक दिवस नाही उचललं तर काय बिघडते?

शीतलने डंबेलला नमस्कार केला.

"आई, पूजा झाली नं वं? मंग आता देव उठवते."

त्या दिवशी तिचे तळहात पिवळे झाले आणि बारा खेपा निघाल्या.

*

भरतीच्या सकाळी आम्ही तिघं निघालो, तर सर आधीच बूट घालून दारात उभे. मी त्यांच्याशी बोलत नव्हतो. एव्हाना शीतल दहा किलो दहा वेळा डोक्यावर नेत होती. त्यावरही त्यांचं म्हणणं होतं की डंबेल वेगळं आणि गोळा वेगळा.

मैदानाच्या जाळीबाहेर चौघांपैकी तिघं उभे. पळणं झालं होतं, उरला गोळा. संधी तीन. पहिली फेक कमी पडली. दुसरी तिच्यापेक्षा बरी, पण तरी वीतभर कमी. प्रज्वलने जाळी इतकी घट्ट धरली होती की बोटं पांढरी पडली.

तिसरा गोळा पूर्ण मार्कांच्या रेषेपलीकडे पडला. टेपवाला शिपाई वाकला, टेप पुन्हा ओढला, पुन्हा वाकला आणि मग लिहिलं. लेखी परीक्षा अजून व्हायची होती, पण गोळ्याचा प्रश्न मिटला होता.

मग आम्ही बाहेर ठेल्यावर तर्री-पोहे खायला बसलो. शीतलची दुसरी प्लेट चालू होती, हाताला अजून मैदानाची माती. तेवढ्यात सरांचा फोन वाजला. वर्ध्याहून काका. त्यांचा आवाज एवढा मोठा की ठेल्यावरच्या सगळ्यांना ऐकू आला. पाहुणे रविवारी येतो म्हणून राहिले, पोरीचं काय झालं, त्यांना हो सांगू का?

शीतलचा चमचा तोंडाशी थांबला.

सरांनी तिच्याकडे पाहिलं, मग तिच्या प्लेटकडे.

"आता नाही बोलता येत गा," ते फोनमध्ये म्हणाले. "तिची तिसरी फेक बाकी आहे."

आणि फोन बंद करून खिशात टाकला.