रुळाला दात लावणाऱ्या बाई

बाईंच्या खांद्यावरच्या कापडी पिशवीत कायम एक शिसवी लाटणं असे. नव्या मुलींना वाटे, ते मारायला आहे. खरं कारण असं की बाईंना ऐकू येत नव्हतं. लाटण्याचं एक टोक दातांत घट्ट धरायचं आणि दुसरं एखाद्या वस्तूला टेकवायचं, की त्या वस्तूतला आवाज हाडांतून त्यांच्या डोक्यात पोचे. घड्याळ चालू आहे का, विहिरीचा रहाट कुरकुरतो आहे का, भिंतीपलीकडच्या वर्गात दंगा चालला आहे का, हे सगळं त्या दातांनी ऐकत. माणसांचं बोलणं मात्र ओठांवरून वाचत. त्यामुळे त्यांच्या वर्गात कुजबुजण्यात काही अर्थ नसे.

आमचं गाव श्रीवर्धनच्या जवळ, समुद्रकाठी. जिल्ह्याचं नाव तेव्हा कुलाबा होतं. बाई मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या. सातवीनंतर वडिलांनी माझी शाळा सोडवून मला सुकटीच्या कामाला बसवलं, तेव्हा त्या कोळीवाड्यात आमच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. वडील म्हणाले, “बाय, पोरीला शिकवून होडी चालनार हाय का?” बाईंनी त्यांच्या ओठांकडे नीट पाहिलं आणि म्हणाल्या, “होडी तू चालव. पोरीला मी चालवते.” वडील हसले, आणि हसले तिथेच हरले. आमच्या घराण्यात सही करणारी मी पहिली. बोटीने मुंबईला जाऊन बी.एस्सी. होणारीही मीच पहिली. मी आज जी काही आहे ती त्या एका वाक्यामुळे, असं मी आजही म्हणते.

शिकून परत आले आणि गावच्या हायस्कुलात विज्ञान शिकवू लागले, तेव्हा बाई निवृत्त झाल्या होत्या. आपल्या पोफळीच्या वाडीत त्या आगगाडीचं इंजिन बांधत होत्या. शाळेत पूर्वी एक तक्ता होता, जगातल्या अगदी सुरुवातीच्या इंजिनांचा. त्यातलंच एक: आडव्या पिंपासारखं पोट, उंच धुराडं, बाहेरून दिसणारे दांडे. आकार साधारण रेड्याएवढा. पण खेळणं नव्हे, वाफेवर चालणारं. गावाने त्यांचं नाव इंजिनबाई ठेवलं. कळल्यावर त्या म्हणाल्या, “बरं झालं. इतकी वर्षं बहिरी बाई म्हणत होते.”

त्यांच्या जोडीला हसनचाचा होते. उभं आयुष्य बोटींवर आगवाला म्हणून काढलेलं, म्हणजे भट्टीत कोळसा टाकणारा माणूस. बॉयलर तांबटाने ठोकला, पण ठोकून घेतला चाचांनी. चाकं आणि रूळ धक्क्यावरच्या, मोडीत निघालेल्या ढकलगाडीचे होते. दोघांचं दिवसभर भांडण चाले. चाचा शिव्या देताना बाईंकडे पाठ फिरवत. बाई म्हणत, “मियाँ, तुमची मानसुद्धा बोलते हं.” मग चाचा वळून दाढीत हसत. “बाय, तुमच्यासमोर तर मनात पन बोलायची चोरी!”

हे कशासाठी, असं मी एकदा विचारलं. बाई बराच वेळ कानशीने एक दांडा घासत राहिल्या. मग म्हणाल्या, “माझे वडील घाटात इंजिन चालवायचे. आम्ही रेल्वेच्या चाळीत राहायचो. सोळाव्या वर्षी मला विषमज्वर झाला. तापात खिडकीतून इंजिनाचा आवाज ऐकत होते. ताप उतरला तेव्हा जग बंद झालेलं होतं.” त्यांनी लाटण्यावर बोट वाजवलं. “यातून भांडी ऐकली, भिंती ऐकल्या. रुळावरून येणारं इंजिन काही ऐकलं नाही. मरायच्या आधी एकदा ऐकायचंय, पार्वती. एवढंच.”

रूळ आधी टाकून झाले. अंगणापासून निघून पोफळींतून जाऊन ते वाळूच्या अलीकडे, केवड्याच्या बनाशी संपत. इंजिन अजून ओट्यावर सुटं पडलेलं होतं. एका सकाळी मी गेले तर बाई रुळाशी पाट टाकून बसलेल्या, लाटणं दातांत, डोळे मिटलेले. मी समोर जाऊन उभी राहिले तेव्हा त्यांनी डोळे उघडले आणि लाटणं काढून सांगितलं, “गाडी येतेय.”

मला हसू आलं. तिथून सर्वांत जवळचा खरा लोहमार्ग डोंगरांपलीकडे, दिवसभराच्या अंतरावर. “बाई, समुद्र ऐकू येत असेल.”

“समुद्र मला माहीत आहे. समुद्राला सांधे नसतात.” त्यांनी बोटाने रुळावर ठोका धरून दाखवला. ठक्-ठक्. ठक्-ठक्. “सांधे ओलांडतेय. लांब आहे अजून.”

मग लाटणं माझ्या हातात दिलं. मी ते दातांत धरून रुळाला लावलं. मला फक्त एक बारीक घरघर ऐकू आली. तसं सांगितलं, तर बाईंना वाईट वाटलं नाही. म्हणाल्या, “तुझे कान चांगले आहेत ना, म्हणून.”

या बाई भुताखेतांना हसणाऱ्या. अवसेला भर दुपारी मुलींना घेऊन पिंपळाखाली डबे उघडायला लावणाऱ्या. त्यामुळेच मला भीती वाटू लागली. त्या रोज रुळाशी बसत, आणि मी शाळेतून आले की शांतपणे सांगत, “आज जरा जवळ आली,” किंवा “आज चढावर आहे, सावकाश चाललीय.” कामवालीने रुळांच्या मध्ये सुपारी वाळत घातली, ती बाईंनी स्वतः गोळा केली. शेजारची मुलं रुळावर बसली की त्या हातवारे करत म्हणत, “उठा रे, लाइनवरून उठा!” हळूहळू मुलं यायची बंद झाली. चाचा म्हणाले, “बेटी, बायची तब्येत बरी न्हाय. इंजिन लवकर उभं करू. खरा आवाज ऐकला की खोटा जाईल.”

मलाही तसंच वाटलं. आम्ही झपाट्याने जोडणी उरकली. बॉयलर पाण्याचा दाब देऊन तपासला, चाकांना तेल दिलं. मार्गशीर्षातल्या एका रविवारी सकाळी इंजिन रुळावर उभं राहिलं. सगळा गाव वाडीत जमला. माझे वडीलही आले होते. बाईंनी नारळ फोडला, चाचांनी बिस्मिल्ला म्हणून करवंट्या पेटवल्या आणि वर कोळसा घातला. धूर पोफळींच्या शेंड्यांना लागला. बराच वेळ काहीच होईना. मग वाफ धरू लागली.

बाई रुळाशी पाटावर बसल्या. लाटणं दातांत धरलं, दुसरं टोक रुळाला टेकवलं आणि डोळे मिटले. चेहरा एवढा कोवळा झाला की मला बघवेना.

चाचांनी दांडा ओढला. इंजिन हिसकलं, थांबलं आणि चालू लागलं. लोकांनी ओरडून वाडी डोक्यावर घेतली. दांडे पुढेमागे होत होते, सांध्यांवर चाकं वाजत होती, पायांखालची जमीन थरथरत होती. इंजिन बाईंच्या अगदी समोरून गेलं. चाचांनी शिट्टी दिली, तेव्हा झाडांवरचे कावळे उडाले.

बाईंनी डोळे न उघडता लाटणं तोंडातून काढलं आणि म्हणाल्या, “मियाँ, उशीर का? सुरू करा की.”

लोकांचा आवाज एकदम बंद पडला. कुणी काही सांगितलं असतं तरी त्यांचे डोळे मिटलेले होते. शेवटी मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. त्यांनी पाहिलं. इंजिन केवड्याच्या अलीकडे वाफ सोडत उभं होतं.

“चाललं?”

मी मान डोलावली.

“मला नाही ऐकू आलं,” त्या म्हणाल्या. “मला दुसरीच ऐकू येत होती. कशी वाजली गं माझी? सांग.”

मी सांगू लागले, तर त्यांनी हाताने थांबवलं. “शब्द नकोत. वाजवून दाखव.” आणि आपली थंड बोटं माझ्या गळ्यावर ठेवली. सगळा गाव बघत होता, माझ्या वर्गातली मुलं बघत होती. मी तोंडाने इंजिनाचा आवाज काढला. आधी तो पहिला हिसका, मग चाकांचा ठोका, मग शिट्टी. माझा गळा दुखेपर्यंत मी वाजवत राहिले.

बाईंचे डोळे मोठे झाले. “हीच,” त्या म्हणाल्या. “हाच ठोका. हीच तर येतेय इतके दिवस.” मग उभ्या इंजिनाकडे पाहिलं, आणि त्याच्याही पलीकडे, जिथे रूळ संपतात तिकडे. “पण ही तर इथे आहे.”

थोड्या वेळाने, वर्गात सूचना द्यावी तशा स्वरात म्हणाल्या, “मियाँ, हिला बाजूला घ्या. समोरासमोर नको.”

मला वाटलं, चाचा वाद घालतील. त्यांनी निमूटपणे भट्टीतले निखारे बाहेर ओढले. लोकांना हाक मारून पहारी लावल्या आणि गरम इंजिन फळ्यांवरून रुळाबाहेर काढलं. मी विचारलं, तर म्हणाले, “कप्तान बोलला, सामने काय तरी हाय, तर आपन इंजिन बंद करायचं. दिसतं का न्हाय, ते मागून बघायचं.”

तो आठवडा संपायच्या आत बाई गेल्या. रुळाशीच, पाटावर, दिवसाढवळ्या. डॉक्टर म्हणाले, रक्तदाब फार होता, डोक्यातली शीर फुटली. अशा माणसांना कधीकधी स्वतःच्याच नाडीचा ठोका ऐकू येतो. मी विज्ञान शिकवते, मला हे पटतं. नाडी लांबून जवळ कशी येते, ते मात्र मी डॉक्टरांना विचारलं नाही.

भाच्यांनी वाडी विकायला काढली, तेव्हा वडिलांनी होडी गहाण टाकली आणि मी पगार घातला. वाडी घेतली. इंजिन शाळेला दिलं. चाचा शेवटपर्यंत दर पावसाळ्यानंतर येऊन रुळांमधलं गवत काढत, वाळू लोटून बाजूला करत. इंजिन नाही, काही नाही, मग कशाला, असं मी एकदा म्हटलं. त्यांनी कोयता खाली ठेवला नाही.

“लाइन हाय ती, बेटी,” ते म्हणाले. “उघडी असावी.”

आता ते काम मी करते.